काठावर रोवलेला स्पोक

प्रल्हादच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल देत होतो. पोळा झाला की निघायचं, असं आमचं ठरलं होतं. "काका, बाबा गेले... झोपेतच," एवढंच तो बोलला. मी फोन ठेवला आणि, खरं सांगतो, उरलेल्या चेनलाही तेल देऊन टाकलं. हात थांबवून दुसरं काय करायचं ते सुचेना.

ब्रह्मपुरीत आमची गट्टी जमली ती दोघांचेही केस पिकायला लागल्यावर. तो वीजखात्यात, मी शाळेत. सायकलवर लांब लांब जायचं खूळ सोडलं तर आमच्यात सारखं असं काही नव्हतं. मी घायकुता, तो ढिम्म. रस्त्यात पाणी आडवं आलं की तो कॅरिअरला बांधलेला जुना स्पोक सोडायचा, वर लाल दोरा गुंडाळलेला, आणि पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवायचा. आमच्या भागात लोक काडी रोवून पाहतात, त्यातलाच प्रकार. काडी कोरडी पडली तर पाणी उतरतंय, बुडत गेली तर चढतंय. मग हा गृहस्थ निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचा आणि इकडे माझा नुसता चडफडाट.

काही वर्षांपूर्वी आम्ही भामरागडकडे निघालो होतो. माझी मुलगी सायली तिकडच्या एका लहान गावात नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाली होती. आलापल्लीला पोचलो आणि पावसाची झड लागली, बसगाड्या बंद झाल्या. तेवढ्यात तिचा फोन आला. "बाबा, ताप आहे, लई थंडी वाजून राह्यली..." आणि रेंज गेली ती गेलीच. तिकडचा थंडीताप म्हणजे मलेरिया, हे आम्हाला कुणी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी भर पावसात पायडल मारत तिच्या गावाअलीकडच्या नाल्यावर आलो, तर रपट्यावरून, म्हणजे तिथल्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललेलं. पलीकडे झाडांमागे शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

प्रल्हादने स्पोक रोवला. बघता बघता लाल दोरा भिजला, मग दिसेनासा झाला.

"चढून राह्यलं," तो म्हणाला. "वापस फिरू. वरच्या अंगाले मोठा पूल हाये, जंगलातून जाता येते."

"तिकडून उद्या पोचू. तवरिक तिले काही झालं तं? सायकल राहू दे इथीच, मी पायी जातो."

मी पँट दुमडून पाण्यात उतरलोही होतो. पोटरीला अशी ओढ बसत होती, की पुढचं पाऊल टेकेल की नाही याची खात्री नव्हती. तरी मी गेलो असतो. प्रल्हादने मला धरलं नाही, आवाजही चढवला नाही. चपला काढल्या आणि शेजारी येऊन उभा राहिला.

"चाल, मीबी येतो. मले पोहता येत नाई, तेवढं ध्यानात ठेव."

आणि त्याने खरंच पाऊल उचललं. मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि मागे फिरलो. त्याने पाण्यात हात घालून स्पोक उपटून घेतला. सायकली वळवत होतो तोच मागे धाडकन आवाज झाला. वाहत आलेलं आख्खं झाड रपट्यावर आदळून पलीकडे गेलं.

मग ती जंगलातली वाट... मडगार्डात चिखल ठासून चाकं फिरेनात, अर्धी वाट सायकली खांद्यावर. रात्री एका माडिया आदिवासी घराच्या पडवीत पाठ टेकली, पण डोळ्याला डोळा लागला नाही. सायलीच्या दारात पोचलो तेव्हा ती घोंगडी पांघरून पायरीवर बसली होती. गावच्या आशाताईने पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या होत्या. "तुम्ही दोघंबी येडे झाले का, बाबा?" ती म्हणाली. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासात, नदी दिसली की मी डुंबून घ्यायचो आणि प्रल्हाद काठावर माझे कपडे सांभाळत बसायचा. उन्हाळ्यात त्याचं अंग घामाने निथळत असायचं. "घोटाभर पाण्यात तरी ये, बुडशील त काढतो मी," असं मी चिडवायचो. तो फक्त हसायचा.

पुण्यानुमोदनाच्या, त्याच्या मरणोत्तर विधीच्या दिवशी वैनगंगेकाठच्या त्याच्या गावाहून थोरली बहीण आली होती. नदीच्या गोष्टी निघाल्या. "आमचा परल्हाद भरल्या पुरात नावाड्याच्या डोंग्याच्या आधी पलीकडे पोचे," बाई म्हणाल्या. "बाबा काठी घेऊन काठावर उभे राहेत, तं हा पाण्यातून बाहेरच निघत नसे."

मी हातातला चहा खाली ठेवला.

निघताना मुलाने तो स्पोक माझ्या हातात दिला. परवा एकटाच सायकल घेऊन वैनगंगेवर गेलो. पाण्याच्या कडेला स्पोक रोवला, सदऱ्याची बटणं सोडली... आणि पुन्हा लावली. लाल दोरा कोरडाच होता, पाणी उतरत होतं. मी अंधार पडेपर्यंत काठावर बसून राहिलो, तो बसायचा तसा.