ओल्या थर्मामीटरला माठाचं पाणी

पंचेचाळीस सालच्या फाल्गुनात माझी पोस्टिंग हिंगोलीच्या जुन्या छावणीत होती. मुलूख निजामाचा, जिल्हा तेव्हा परभणी. सिग्नलची एक कंपनी तिथं ट्रेनिंगला उतरली होती. तिच्या दिमतीला हवामानाचं सेक्शन होतं. सेक्शन म्हणजे दोन माणसं. हवालदार साळवी आणि मी.

मी वसमतची. मॅट्रिकपर्यंत पुण्याला मामाकडं शिकले आणि तिथूनच फौजेच्या महिला दलात भरती झाले. वय एकोणीस. खाकी साडी, चकचकीत बूट आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. तीन महिन्यांच्या कोर्सवर ती पोरगी ढगांना नावानं हाका मारायची. एकही ढग वळून बघत नसे, तरी तिचा रुबाब कमी झाला नाही.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी आठ आणि दुपारी तीन वाजता रीडिंग. मैदानात पांढरी, झडपांची लाकडी पेटी होती. तिच्यात दोन थर्मामीटर. एक उघडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळलेली, चिंधीचं शेपूट पाण्याच्या वाटीत. चिंधीतलं पाणी उडतं, तसा त्याचा पारा उतरतो. दोघांत फरक मोठा, तर हवा कोरडी. फरक कमी, तर हवेत ओल आली, ढगाला खाद्य मिळालं. दोन-तीन दिवसांचा अंदाज सांगताना हा फरक मोठा साक्षीदार.

हवालदारांचा एक नियम होता. वाटीत नवं पाणी घातलं, तर पंधरा मिनिटं थांबायचं, मग वाचायचं.

मी थांबत नसे. दुपारी वाटी आटलेली आणि चिंधी सुकत आलेली दिसायची. उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती आधी गार पाण्याचा तांब्या द्यायचा, हे आमच्या घरचं वळण. मी माठातलं पाणी आणून चिंधीवर ओतायची. पारा सर्रकन उतरायचा, मी आकडा लिहायची. थर्मामीटरचा पाहुणचार झाला म्हणून वर खूशही व्हायची. फाल्गुनात हिंगोलीची हवा कोरडीच असते. त्यामुळं आकडा थोडा चुकला तरी अंदाज बरोबर यायचा, आणि कोणाला काही कळायचं नाही.

होळी होऊन चार दिवस झाले होते. हवालदार मलेरियानं पडून होते. सकाळी मोठ्या ऑफिसची तार आली. पुढचे तीन दिवस आकाश बहुधा निरभ्र, तुरळक ठिकाणी वादळी पाऊस शक्य, स्थानिक स्टेशनांनी हवेतली ओल पाहून युनिटला सल्ला द्यावा.

त्याच दिवशी आठ जणांची तुकडी साखऱ्याच्या माळावर तीन दिवसांच्या वायरलेस सरावाला निघणार होती. कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं.

"तीन दिवसांचा आउटलुक?"

"कोरडं आणि निरभ्र, सर."

"शुअर?"

"येस, सर."

तुकडीचा प्रमुख नायक मारोती, आखाडा बाळापूरचा. तिशीतला माणूस, घरी बायको आणि दोन लेकी. मला बाई म्हणायचा आणि रोज चिडवायचा. ट्रक एकच होता. सेट, बॅटऱ्या, पेट्रोलचे डबे चढवल्यावर जागा उरली नाही.

"बाई, तंबू उतरवून राहिलो बरं का. हेल्मेटंबी. पुन्हा म्हणसाल, काहून सांगितलं न्हाई."

"उतरवा, दादा. एक थेंब पडला तर माझ्या वेण्या कापा."

"वेण्या कापून काय करू? माझ्या लेकीला गंगावन करीन." मग शिपाई इमामला म्हणाला, "ऐकलं न, इमाम? बाईचा हुकूम हाय, छत्री ठेव खाली."

इमाम माझ्याच वसमतचा. तो म्हणाला, "हमारे गाव की है, नायकसाब. झूठ नहीं बोलती."

दहा वाजता ट्रक गेला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी वायरलेसच्या खोलीत आउटलुकचा कागद द्यायला गेले होते. कॅप्टनसाहेब तिथंच होते. सेट बोलू लागला.

"साखरा बोलून राहिलो. पश्चिमेला लई काळं दाटलं. ट्रक पाण्याला गेला हाय. बाईला विचारा, पायी गावात सरकू का? अर्धा तास लागंल. ओव्हर."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "रीडिंग घे."

मी धावत गेले. वाटेत माठातून तांब्या भरला. चिंधीवर ओतला. कोरडा सत्त्याण्णव फॅरनहाइट, ओला सदुसष्ट. धावत परत आले.

"तीस डिग्रीचा फरक, सर. हवा कोरडी आहे. ढग गरजेल आणि जाईल."

साहेबांनी माइक घेतला. "होल्ड पोझिशन. सराव चालू ठेवा. ओव्हर."

"रॉजर. बाईनं बघितलं म्हंजे बराबर असंल. आऊट."

तीन चाळीसला सेट पुन्हा बोलला. आवाज मारोतीदादाचाच होता, पण उंच चढलेला.

"गारा. कवठाएवढ्या गारा. आडोसा न्हाई. इमाम पडला. इमाम..."

पुढं नुसती खरखर.

हिंगोलीत तेव्हा लख्ख ऊन होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि मला वाटलं, ते थट्टा करतायत. हे मी आज लिहितेय, पण त्या क्षणी मी खरंच हसले होते. कॅप्टनसाहेबांनी ते पाहिलं.

हवालदार साळवी घोंगडी पांघरून पेटीपाशी आले. मी पाणी ओतल्याला तासभर होत आला होता. त्यांनी झडप उघडली. ओला थर्मामीटर पंचाहत्तरवर होता.

"तीनला किती होता?"

"सदुसष्ट."

"पाणी कुठलं?"

"माठातलं."

"थांबलीस?"

"नाही."

ते खाली बसले. माठ रात्रभर कोरड्या हवेत गार झाला होता. ओल आली ती दुपारी. मी दुपारच्या हवेच्या जागी रात्रीची हवा मोजून दिली होती.

सहाला ट्रक परत आला. सहा जण बसून होते. कोणाचा खांदा गेला होता, कोणाचं कपाळ फुटलं होतं. दोघांवर ताडपत्री होती. ताडपत्रीच्या घडीत अजून गारा होत्या, विरघळत होत्या.

चौकशीत हवालदार म्हणाले, शिकवण्यात माझी कसूर झाली. मी म्हणाले, त्यांनी शिकवलं होतं, मी ऐकलं नाही. माठ, तांब्या, पंधरा मिनिटं, सगळं सांगितलं. अध्यक्ष साहेबांनी ऐकून घेतलं. कागदावर लिहिलं: गारपीट, नैसर्गिक आपत्ती. एका थर्मामीटरवरून गारा सांगता येत नाहीत, असं ते मला म्हणाले. खरंही असेल. पण मला गारा कोणी विचारल्या नव्हत्या. गावात सरकू का, एवढंच विचारलं होतं.

मारोतीदादाची ट्रंक पोचवायला हवालदार निघाले, तशी मीही सोबत जायची परवानगी मागून घेतली. आखाडा बाळापूरला दुपारी पोचलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्या हवामानवाल्या बाई?"

"व्हय."

"लई नाव काढायचे तुमचं."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावतील. त्या तांब्या घेऊन आल्या.

"उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

माठाचं होतं. मी ते सगळं प्याले. एक थेंब ठेवला नाही.

पुढं मी नोकरी सोडली, संसार केला, नातवंडं झाली. मी खोड्या काढते, सगळ्यांना नावं ठेवते, सगळ्यात जास्त त्या खाकी साडीतल्या पोरीला. फाल्गुनात दारात कोणी आलं, तर पाणी मीच देते. तांब्या हातात धरते आणि दोन नावं मनात घेते. मग देते.

नायक मारोती, आखाडा बाळापूर.

शिपाई इमाम, वसमत.