डेपोच्या भिंतीला लागून असलेलं घर

गिलावा करणारी माणसं शांत स्वभावाची असतात, असं कुणीतरी म्हणून ठेवलंय. त्याने थापीला पाहिलं नसणार. हातातल्या जड लाकडी थापीवरूनच त्याला हे नाव पडलं होतं, आणि ती थापी भिंतीवर जास्त पडते की लोकांच्या पाठीत, यावर गल्लीत वाद चालत.

त्याच्या घराची मागची भिंत म्हणजे बस डेपोची भिंत. पहाटे इंजिनं तापू लागली की धूर खिडकीतून आत यायचा, फडताळातली भांडी नाचायची आणि गिलाव्याला नवी चीर पडायची. दोन गल्ल्या मागे एवढंच घर हातोहात विकलं गेलं होतं. हे मातीमोल किमतीलाही कुणी घेईना. "डेपोच्या मांडीवर बसलेलं घर कोण घेणार?" असं एक दलाल हसत म्हणाला, तर थापीने त्याचा दात पाडला. डेपोच्या साहेबाच्या कचेरीच्या काचा तर त्याने कधीच फोडल्या होत्या.

पण राग काही नुसता किमतीचा नव्हता. बायकोला दमा होता. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, हा धूर सोडा, नाहीतर ही हाती लागणार नाही. आणि हे घर विकल्याशिवाय दुसरं घेणार कशाच्या जोरावर?

अशात डेपोत संप झाला. थापीने लगोलग चिरा बुजवल्या, रंगाचा हात मारला आणि एका निवृत्त मास्तरांना बायकोसह घर बघायला बोलावलं. त्याचा धाकटा भाऊ डेपोत ड्रायव्हर होता. त्याला बजावलं, "माणसं जाईपर्यंत गाडीला हात लावलास तर याद राख."

मास्तरांनी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि भिंतीपलीकडे एक इंजिन गुरगुरलं. थापीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो थापीसकट मागच्या खिडकीतून उडी मारून डेपोत गेला. स्टिअरिंगवर धाकटाच होता.

"दादा, घरात दाणा नाही रे. साहेब म्हणाले, गाडी काढ, पगार देतो."

थापीने इंजिन बंद केलं, त्याला ओढून खाली पाडलं आणि त्याच्या उजव्या हातावर थापी घातली. मग पुन्हा घातली. हाड मोडलेलं स्पष्ट ऐकू आलं.

रक्त पुसून तो घरी परतला. बायको पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवत होती. "इथे उजेड चांगला येतो!" ती ओरडली. मग मध्येच थांबली, फडताळाला हात लावून उभी राहिली आणि जरा वेळाने पुन्हा ओरडली, "नळाला पाणी भरपूर!"

"अन् शेजार एकदम शांत!" थापी त्याहून मोठ्याने ओरडला.

मास्तरांची बायको फडताळावरच्या त्या हाताकडे बघत राहिली. "अहो, एवढ्या शांततेत तुम्ही दोघं ओरडता का?"

मास्तरांनी भिंतीच्या ओल्या रंगावर बोट फिरवलं, बायकोकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

मग थापीचा तोल गेला. त्याने थापी उचलली आणि आपल्याच भिंतीवर घालत सुटला. सकाळी भरलेला गिलावा ढासळला, खाली जुना निघाला, तोही त्याने फोडला. खोली धुळीने भरली. हात थकले तेव्हा तो थांबला.

तेव्हा त्याला शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. कुठल्या तरी बसची हवा गळत असेल म्हणून त्याने खिडकीकडे कान दिला. आवाज मागून येत होता. बायको जमिनीवर बसली होती, ओठ निळे पडले होते, आणि तिची छाती वाजत होती.

"कधीपासून वाजतेय ही?"

"रोजच... वाजते," ती म्हणाली. "तुम्हाला... ऐकू कुठे येतं."

त्याने तिला उचललं आणि गल्लीतून वळसा घालून डेपोत धावला. धाकटा त्याच बसच्या पायरीवर हात पोटाशी धरून बसला होता. थापी त्याच्यापुढे उभा राहिला. धाकट्याने वहिनीच्या ओठांकडे पाहिलं आणि उठला.

"तिला माझ्या बाजूला, इंजिनाच्या झाकणावर बसव. दवाखान्यापर्यंत मी डाव्या हाताने चालवतो, गिअर तू टाक."

फाटकाशी संपवाले काठ्या घेऊन उभे होते. "तोड फाटक!" थापी ओरडला. इंजिन गरजलं, भिंतीपलीकडे उरलासुरला गिलावा कोसळला, आणि त्या आवाजात तिचा श्वास ऐकू येईनासा झाला. थापीने एक हात गिअरवर ठेवला, दुसरा तिच्या पाठीवर.