शनीवर अडकलेला कप्तान

देवळाच्या दारात चपला साठतात तसे आमच्या स्टँडवर किस्से साठतात. कुठला कुणाचा, ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. जो घालून जाईल तेचा!

आम्ही कुंभकोणचे नवग्रह व्हॅनवाले. सूर्यापासनं केतूपर्यंत नऊ ग्रहांची नऊ देवळं, सकाळी निघायचं अन् रात्री परत. भक्त आत रांगेत, आम्ही बाहेर चिंचेखाली. आधी तिथं पत्ते चालायचे अन् मारामारी. मारामारी बहुतेक माझीच.

मग वेंकोबा मामा आमच्याबरोबर हिंडायला लागला. आमच्यातलाच, तंजावरी मराठी, मेलकावेरीला घर, रेल्वेतनं रिटायर. तेच्या बापानं जमवलेली जुनी इंग्रजी मासिकं तेच्याकडं ट्रंकभर. पिवळी पानं, हात लावला की चुरा. कव्हरवर हिरवी राक्षसं, अन् आमची पितळी समई आडवी करून बुडाला आग लावल्यासारखं रॉकेट! मामा इंग्रजी वाचायचा, मजला मराठीत सांगायचा, अन् तेच दमात सेल्वमला तमिळमधे. सेल्वम म्हणजे माझ्या मागची व्हॅन.

शाळेत मी कधी धड बसलो नाही. इथं बसलो.

*

एकदा शुक्राच्या देवळाबाहेर वाचन चाललं होतं. शुक्रावर नुसतं पाणी, पाण्यात राणी, राणीला माशाचे कल्ले. चेन्नैचा एक पॅसेंजर कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "सगळं खोटं आहे. शुक्रावर पाणी नाहीच. सायन्सनं सिद्ध केलंय."

माझं डोकं सटकलं. "मग शुक्राला नारळ फोडायला कशाला आलात, सार? सायन्सला फोडा की!"

सेल्वमनं मजला धरलं. तो माणूस आत गेला. परत आला तो थेट मामाकडं. "त्या राणीचं पुढं काय झालं?"

*

आमच्या मरुदानल्लूरकडं रामायण वाचतात तेव्हां एक पाट रिकामा ठेवतात. जिथं रामकथा, तिथं मारुती ऐकायला येतो म्हणून. सेल्वम म्हणाला, "मग शनीची कथा वाचतो तर शनीवाले येणारच. तेंना बसायला नको?" तेनं घरनं पाट आणला.

दुसऱ्या दिवशी एका अम्मानं पाटावर फूल वाहिलं. तिसऱ्या दिवशी कापूर अन् केळी. मग एक जण विचारतो, "इथं दर्शनाची वेळ काय?"

मी ओरडणार होतो. मामा म्हणाला, "गप, भीमा. शनीवाले येईपर्यंत केळी आपण खाऊं."

*

शनीची ती कथा मोठी, अंका-अंकातनं चालणारी. कप्तान रॉकेट घेऊन शनीवर जातो, रॉकेट मोडतं, घरी बायको वाट बघते. शेवटचा अंक ट्रंकेतच नाही! कप्तान तिथंच.

सेल्वमला झोप लागेना. तिरुनळ्ळारला शनीच्या देवळात तेनं कप्तानाच्या नावानं अर्चना केली. गुरुक्कळनं, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यानं, विचारलं, "नक्षत्र?"

आता गोऱ्याचं नक्षत्र कुणाला माहीत! सेल्वमनं स्वतःचंच सांगितलं. बाहेर येऊन मजला विचारतो, "भीमाण्णा, आता साडेसाती कुणाची सुटणार? तेची का माझी?"

*

एकदा मीच मामावर चढलो. "तुम्हांला शेवट माहीत आहे! मुद्दाम लपवता!" काफीचा टंबलर फेकला.

मामानं टंबलर उचलून ठेवला. "माहीत असता तर इतकी वर्षं तुझं तोंड बघत बसलो असतो काय रे?"

खरं सांगतो, त्या कथा लिहिणाऱ्यांना काही माहीत नव्हतं. शनीवर उभं राहायला जमीन नाही म्हणतात, यांनी तिथं बाजार भरवला! पण लिहायला भ्याले नाहीत. आजची सिनेमाची रॉकेटं चकाचक असतात, बघून विसरतो. ही चुकीची रॉकेटं अजून डोक्यात उडतात.

*

मग मामाच्या छातीत दुखलं. तंजावरला ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाला, वय झालंय, नक्की सांगता येत नाही.

जायच्या आदल्या दिवशी सेल्वम धावत आला. तो चेन्नैवाला, राणीवाला, तेला सेल्वमनं कप्तान अडकल्याचं कळवलं होतं; तेनं कुठनं तरी शोधून शनीच्या कथेचा शेवटचा अंक पाठवला होता! सेल्वम रडत होता. "मामा, वाचा! आत्ताच वाचा!"

मामानं अंक हातात घेतला, वास घेतला, अन् न उघडतां पाटावर ठेवला.

"आमच्या भजनमठात आरती झाल्याशिवाय कुणी उठत नाही. आरती झाली की उठून जातात. तर आरती राहूं दे. येतो मी."

मी मान फिरवली.

मामा तंजावरला गेला. सेल्वम म्हणाला, दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेऊं. मी म्हटलं, "हात लाव, हात मोडतो!" अंक माझ्या व्हॅनमधे, देवाच्या फोटोमागं.

मामा परत आला. मीच आणला तंजावरहून, खड्डे चुकवत. पार वाळलेला. चिंचेखाली बसवला, सेल्वमनं काफी दिली. सगळे ड्रायव्हर गोळा झाले. मामानं चष्मा पुसला, माझ्यापुढं हात केला.

"दे रे भीमा. शेवट वाचूं."

मी व्हॅनमधनं अंक काढला, अन् पाटावर ठेवून दिला. मामाची ट्रंकही व्हॅनमधनं ओढून काढली, मामापुढं ठेवली.

"पहिला अंक काढा, मामा. कप्तान अजून घरनं निघायचा आहे."