पुसून लख्ख केलेल्या गोळ्या

सदर इसमाचे नाव नीरव कर्णिक. मूळचे पुण्याचे, हल्ली मुक्काम अल नहदा, शारजा. हुद्दा क्वालिटी मॅनेजर. अचूकतेच्या बाबतीत कोणतीही तडजोड करीत नाहीत, असे त्यांच्याविषयी त्यांनी स्वतःच प्रमाणित केले आहे.

अचूकता त्याच्यावर रुसली ती नेमबाजीच्या क्लबात. तिथल्या रिव्हॉल्व्हरवाल्यांचा रिवाज असा, की सभासदांनी क्लबाच्या वर्कशॉपमध्ये शिसं वितळवून आपल्या गोळ्या आपणच ओतायच्या. काडतुसं भरायचं काम मात्र शस्त्रं सांभाळणाऱ्या लियाकतचं. अबुधाबीच्या सामन्यांसाठी संघात एक जागा रिकामी होती. नीरवला ती हवी होती. ऑफिसात तर तो ती मिळाल्यासारखाच बोलत असे.

गोळ्या मात्र निशाणाच्या कागदावर लाह्यांसारख्या विखरायच्या. पाचसहा बार होईतो नळीला आतून शिशाचा लेप चढे आणि पुढचं सगळं रामभरोसे. नीरवने रिव्हॉल्व्हरला दोष दिला, साच्याला दिला, एसीच्या झोतालाही दिला. लियाकतने शिसं नरम असल्याचं निदान केलं. दोघांनी मिळून धातू कडक केला, तर लेप आणखी जाड झाला. नळी घासून घासून नीरवचा खांदा भरून आला.

मग एकदा बायकोने, मैथिलीने, त्याला गोळ्यांवरून फडकं फिरवताना पाहिलं. गोळीच्या खाचेत वंगण म्हणून मेण भरतात. तेच तो निगुतीने पुसून काढत होता. मेणाला वाळू चिकटते, आणि चिकट माल आपण आजवर पास केलेला नाही, असं त्याचं म्हणणं.

"अरे, कोरड्या तव्यावर धिरडं टाकलंस तर सुटेल का?"

"मैथिली, हे इंजिनिअरिंग आहे. किचन नाही."

"बरं. मग बस खरवडत."

निवड चाचणीसाठीच्या गोळ्या त्याने दुप्पट पुसून लियाकतच्या हवाली केल्या.

चाचणी आटोपली, मंडळी पांगली. नीरवने निव्वळ वैतागाने नळी घासली आणि दुसऱ्या कुणाची उरलेली, मेणासकटची काडतुसं मागून घेतली. सहाही गोळ्या एका पुरीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. कागदानेच दगा दिल्यासारखा तो त्याच्याकडे बघत राहिला.

"साब, आज का तो खलास," लियाकत म्हणाला. "अगले साल, इन्शाल्ला."

चाचणीला सात जण होते. नीरव सातवा आला.