पांढरं औषध प्यायचं की लावायचं?

मंडळी, आज सकाळी सांगलीत तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मी मान हलवली आणि बाहेर आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, कुठली गोळी कधी घ्यायची ते मला कळलेलंच नाही. आणि मी जन्मभर नर्स होते!

फलटणकडची माझी पहिली नोकरी आठवली. सत्तरच्या दशकातली. तेव्हा पेशंट औषधासाठी घरून बाटल्या आणायचे. एक बाई मुलीला घेऊन आली. पोरीला खोकला आणि अंगभर खरूज. डॉक्टरांनी दोन औषधं दिली, समजावलं. बाई "व्हय, व्हय" म्हणाली.

ती निघताना मी सहज विचारलं, "कसं देणार औषध?"

"तांबडं अंगाला चोळायचं. पांढरं दुधावानी हाय, ते पाजायचं."

मी तिला दारातच थांबवलं. पांढरं खरजेचं होतं. पाजलं असतं तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, आता बाईला ओरडणार. ते बाहेर येऊन तिच्याशेजारी बाकावर बसले. "बाई, मीच नीट सांगितलं नाही. परत सांगतो, मग तुम्ही मला सांगा."

ती बरोबर सांगेपर्यंत ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येकालाच तसं विचारू लागले. रांग लांबली. "लय येळ लागतोय," लोक कुरकुरायचे. डॉक्टर बधले नाहीत.

आता मशिनं पुष्कळ आली, चांगलंच झालं. पण तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला शेवटचं कधी विचारलं, "मी काय सांगितलं, सांगा बघू?"