विमान कुठलं?

"वेळ नंतर. आधी विमान कुठलं ते बघू." तिकिटाचा विषय निघाला की ती हे म्हणायचीच आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायची.

महापेच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. लहानपणीच्या आजारापासून तिला चालता येत नव्हतं. बॅटरीच्या व्हीलचेअरवरून ती सगळीकडे फिरायची. विमानात व्हीलचेअर सामानाबरोबर जाते. पण पंख्यांच्या छोट्या विमानात सामानाचं दार बुटकं असतं. एकदा तिची व्हीलचेअर आडवी करून आत कोंबली आणि मोडली. दुरुस्त होईपर्यंत बाई घरी.

तेव्हापासून ती आधी सीटचा नकाशा उघडायची. "तीन-तीन सीट दिसल्या की जेट. दोन-दोन दिसल्या की पंख्यांचं, आपण नाही." पाय लांब करायला जागा हवी म्हणून आमचे साहेबही तिलाच विचारत.

"सर, माझ्या खुर्चीची नाही, तुमच्या पायांची निदान घडी होते ना?" ती म्हणायची. साहेबांना हसावं की नाही ते कळायचं नाही.

इंदूरला भावाला मुलगी झाली. बारशाला ही आत्या, म्हणजे कानात नाव हीच सांगणार. जेट बघूनच तिकीट काढलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने सहज नकाशा उघडला. सीट दोन-दोन झाल्या होत्या.

तिने कॉल सेंटरला फोन लावला.

"मॅडम, फ्लाइट तर सेमच आहे."

"फ्लाइट सेम आहे हो. विमान बदललंय."

बऱ्याच वेळाने जेटमध्ये जागा मिळाली, पण एक दिवस उशिराची. म्हणजे बारसं हुकणार.

मी म्हटलं, "अगं, एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळते की. तुझी इथेच ठेव."

"आणि तिथे चार दिवस? पाणी प्यायचं तरी कुणाला तरी हाक मारायची? बारशाला जायचंय मला. सामान म्हणून नाही जायचं."

मग तिने भावाला फोन केला. "दादा, बारसं एक दिवस पुढे ढकलशील?"

हॉल, केटरर, गावाहून आलेली मंडळी, सगळं तो सांगत राहिला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. मग नाव फोनवरून सांगते."

पलीकडून तो इतक्या मोठ्याने ओरडला, की मलाही ऐकू आलं, "वेडी आहेस का! आत्याशिवाय कसलं बारसं? घरातच करू. ये तू."

फोन ठेवून ती बाटलीभर पाणी प्यायली आणि कामाला लागली. डोळे मात्र पुसले नाहीत.

बारसं एक दिवस उशिरा झालं. पुढच्या वर्षी तिने इंदूरलाच नोकरी धरली.

ती होती तेव्हा तिच्या टेबलाशी ऑफिसची खुर्ची कधीच नसायची. जागा मोकळी असायची. ती गेल्यावर सोमवारी ॲडमिनवाल्यांनी तिथे एक निळी खुर्ची आणून ठेवली. जाता-येता मी अजून तिला अडखळते.