धुतलेलं ताट

नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार आहे. शेवटचा घाणा तेलातून निघाला आहे, करंज्यांचा डबा काठोकाठ भरला आहे, आणि नाओमीबाई तिथंच, स्वयंपाकघराच्या शहाबादी फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसल्या आहेत. डोळा लागला तर लागू दे. लेक करुणा मिरजेहून संध्याकाळच्या गाडीनं येईल, तोवर दुसरं काम नाही. समोरच्या चर्चमध्ये आजच्या कीर्तनाची तालीम चालली आहे. बाईंचा जीव कीर्तनात. एरवी त्या झील धरायला पहिल्या रांगेत बसतात, बुवांनी अर्धी ओळ टाकली की उरलेली अर्धी आधी त्यांच्या गळ्यातून निघते. आज तिकडं गेल्या नाहीत.

झोप येते, पण उतरत नाही. भिंतीपलीकडे एक घर जागं आहे.

या आळीची रीत अशी, की ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं त्या घरी नाताळला कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारच्यांनी द्यायचा. आणि पहिलं ताट जायचं ते भिंतीला भिंत लागलेल्या घरातून; ते गेलं की मग बाकीची आळी निघते. यंदा पावसाळ्यात शेजारची सलोमी गेली. तिकडं सून प्रिस्का आहे, दोन लहान नातवंडं आहेत. सकाळपासून आळीतल्या बायका दारावरून विचारून जातात, "बाई, झालं का तुमचं?" बाई सांगतात, "तेल तापतंय अजून."

तेल केव्हाच निवलं आहे.

पेटीवर कुणीतरी एकच सूर धरून ठेवतं. तो लांबतो, पातळ होतो, आणि मग त्याला पाण्याचा आवाज येतो.

मोरीत कुणीतरी ताट धुतंय.

"नामे, राख संपली गं तुझी," पाठमोरी सलोमी म्हणते. बाईंना नामे म्हणणारी ती एकटीच.

सलोमी मेली आहे हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडातून निघतं ते एवढंच, "पदर खोच. भिजतोय."

"भिजू दे. वाळतो आमचा लगेच."

"किती घासशील? लखलखतंय की ते."

"लखलखीतच होतं. तूच तर पाठवलंस तसं."

बाई ते ताट ओळखतात. पितळी, एका बाजूला चेपलेलं. करुणाचं ठरलेलं लग्न मोडलं त्या वर्षीचं. मुलाकडची माणसं सलोमीच्या घरी चहाला थांबली होती, आणि सलोमीनं त्यांना सांगितलं की पोरीला लहानपणी फिट आली होती. पुढं चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्रसाद घेण्याआधी पाळकसाहेबांसमोर सलोमी रडली, आणि बाई म्हणाल्या, "माफ केलं, प्रभूच्या नावानं." सगळ्या मंडळीला बरं वाटलं. नाताळला सलोमीचं फराळाचं ताट आलं. शेजारचं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची असते. बाईंनी ते चिंचेनं घासलं, सोन्यासारखं केलं, आणि रिकामं पाठवलं. सलोमीनं ते घेतलं. त्यानंतर या भिंतीवरून काही आलं नाही, काही गेलं नाही.

ऊन पांढरं आहे. मोरीच्या जागी दवाखान्याचा रस्ता आहे, आणि सलोमी पुढं पळते आहे. तिच्या खांद्यावर लहानगी करुणा, फिट येऊन मान लुळी पडलेली. सलोमीच्या पायांत चपला नाहीत. तापल्या डांबरावर तिची पावलं ओली उमटतात आणि वाळत नाहीत. बाई मागून धावू बघतात, पण आता ताट त्यांच्या हातात आहे, आणि ते धरून धावता येत नाही.

"सलोमे, थांब."

"थांबले तर पोर जाईल तुझी."

"तूच उचललीस तिला. मी नुसती उभी राहून ओरडत होते." बाईंचा श्वास फुलतो. "म्हणून गं. आणखी कुणी सांगितलं असतं तर मी गिळलं असतं. तुझ्या तोंडून नको होतं ते."

सलोमी पळता पळता बोलते, पण तिला धाप लागत नाही. "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, असं मी सगळ्यांना म्हटलं. पाळकांनासुद्धा. त्यांनी काही विचारलं नव्हतं, नामे. चहा पिऊन उठले होते ते. मीच परत बसवलं त्यांना."

"का?"

"तुझ्या दारात मांडव पडणार होता. मला बघवला नाही."

चर्चमध्ये सतरंजीवर गर्दी आहे. सगळे ओळखीचे, आणि त्यातला एकही आता आळीत राहत नाही. कुणाला बाईंनी स्वतः माती दिलेली आहे. प्रत्येकाच्या मांडीवर ताट आहे, भरलेलं. बुवा चिपळ्या घेऊन उभे आहेत, त्यांचा चेहरा काही केल्या दिसत नाही. ते गोष्ट लावतात ती बायबलातली, भावांनी खड्ड्यात टाकलेल्या त्या पोराची. पुढं तो मिसर देशात धान्याचा कारभारी होतो, आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्यापुढं हात पसरायला येतात.

"रिकाम्या गोण्या घेऊन आले..." बुवा गातात, आणि थांबतात.

झील कुणी धरत नाही. गेलेली सगळी माणसं मान वळवून बाईंकडे बघतात.

"म्हण की," सलोमी शेजारून कुजबुजते. "पुढचं तुझं आहे."

बाई तोंड उघडतात. तोंडात कोरडा मैदा आहे. तो थुंकून टाकल्यावरही त्या गात नाहीत, विचारतात, "तुला का गं भटकावं लागतंय? प्रभूनं माफ नाही केलं?"

"केलं की. मी दारात पाय ठेवायच्या आधीच केलं. माझं ताट भरलंय, ते बघ तिकडं." आणि सलोमी ते दुसरं, चेपलेलं ताट पुढं करते. त्यातून अजून पाणी ठिबकतंय. "हे तुझं आहे. मी नुसती धरून उभी आहे. तू खाली ठेवू देत नाहीस."

"मला जमेना झालंय, सलोमे. तोंडानं म्हटलं तेव्हा, आत काही नव्हतं."

"मला कळलं होतं. ताट उचललं तेव्हाच कळलं." सलोमी हसते, पूर्वी भिंतीवरून हसायची तशी. "माझं राहू दे. पण नातवंडांनी काय घोडं मारलंय तुझं? सकाळपासून धाकटी भिंतीला कान लावून बसलीय, तुझी कढई ऐकत. आणि सारण कोरडं झालंय हां तुझं. खसखस नीट भाजली नाहीस."

"अजून नावं ठेवतेस?"

"मग कुणी ठेवायची? पोरांना नाही कळायचं. चालेल."

बुवा थांबलेलेच आहेत. सलोमीच्या हातांतलं ताट हळूहळू खाली कलू लागतं. किती वर्षं धरलं असेल तिनं ते, बाईंच्या मनात येतं, आणि त्यांच्याच खांद्यांत कळ उठते.

"ठेव," त्या म्हणतात. "ठेव गं खाली. दुखले असतील हात."

फरशीवर पितळ टेकल्याचा आवाज होतो.

बाई जाग्या होतात. ऊन खिडकीतून सरकून डब्यावर आलं आहे. मोरी कोरडी आहे, सकाळची भांडी कधीच वाळून फळीवर गेली आहेत. पण त्यांच्या पायांशी, शहाबादीवर, पाण्याचा एक गोल आहे. ताटाएवढा. एका बाजूला किंचित चेपलेला.

त्या बोट लावतात. पाणी गार आहे. कडेनं वाळायला लागलं आहे.

समोर तालमीत बुवांनी अर्धी ओळ टाकून ठेवली आहे आणि ती उचलायला कुणी धजत नाही. तबलजी नुसता खाकरतो. बाई फळीवरचं आपलं ताट काढतात आणि त्या गोलावर ठेवतात. मग डबा उघडतात. आधी एक थर, त्यावर दुसरा. ओठांत कधी सुरू झालं ते त्यांनाही कळत नाही, "...भरून धाडल्या, भरून धाडल्या." करुणासाठी मागं किती उरतात ते त्या बघत नाहीत.

शेजारच्या दाराशी त्या उभ्या राहतात तेव्हा आळीतल्या दोन-तीन खिडक्या हळूच उघडतात. आतून पोरांचं कुजबुजणं येतं, मग तेही थांबतं.

"प्रिस्का," बाई हाक मारतात. "दार उघड गं. हात भरलेत माझे."